डिफॉल्ट विलास

विलास वडणगेकर सलूनच्या खुर्चीत बसला, की अंगावर कापड पडायच्या आधी विचारतो, "मी काय सांगितलंच न्हाई, तर तू काय करशील?"

सलूनवाला नवा असला तर बिचारा गोंधळतो. "काय म्हंजे? केसं कापीन की."

"किती कापशील? मी गप बसलोय, झोपलोय, मेलोय असं समज. तुझा हात आपोआप किती कापंल?"

"मेलेल्याची कशाला कापू मी?"

"तसं न्हवं रे. तुझं डिफॉल्ट काय, ते सांग."

आमच्या गल्लीतला जुना सलूनवाला आता शहाणा झालाय. विलास दारात दिसला की आतूनच ओरडतो, "मागं बारीक, वर मध्यम, मिशीला हात न्हाई! या, बसा!" मग विलास समाधानानं बसतो.

पेठेतली पोरं त्याला डिफॉल्ट विलास म्हणतात. तोंडावर म्हणतात. त्याला राग येत नाही. "नाव काय मी निवडलेलं न्हाई. म्हंजे ते पण डिफॉल्टच की," म्हणतो.

वय पन्नाशीच्या पुढं. अंगानं काटकुळा, डोळ्यांवर जाड चष्मा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. उद्यमनगरात एका फाउंड्रीच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. लोखंड वितळवणाऱ्यांच्यात हा एकटाच असा, की ज्याच्या कपड्यांवर डाग नसतो. आणि मी शिवाजी पेठेत तालमीला लागून मिरची कांडप चालवतो. चौथीपर्यंत शिकलो, पुढं डंकानं शिकवलं. डंक म्हणजे मिरची कुटायचं यंत्र. त्याच्यासमोर उभं राहून जो बोलू शकतो, तो आयुष्यात कुठंही बोलू शकतो.

विलासनं मला पहिल्यांदा गाठलं ते तिथंच. वर्षाच्या चटणीचे दिवस होते. तो आणि त्याची बायको नलिनी मिरच्यांचं पोतं घेऊन आली. आजूबाजूला बाया शिंकत होत्या, मी फडकं तोंडाला बांधून उभा. हा आपला डंकाकडं बघत थांबलेला.

"आप्पा, किती येळ कुटता?"

"चटणी हुईस्तवर."

"झाली म्हणून कोण ठरवतं?"

"मी."

"तुमाला कुणी सांगितलं?"

"बापानं."

"आणि त्यास्नी?"

"विलास, नाकात खकाणा गेलाय माझ्या. कुटायच्यात का परत न्यायच्यात?"

मग त्यानं मला समजावलं. माणूस काही न सांगता गप बसला, तर यंत्र आपोआप जे करतं त्याला डिफॉल्ट म्हणायचं. ते वाईट नसतं. पण ते दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कुणासाठी तरी ठरवून ठेवलेलं असतं. कॉम्प्युटरवर चौकटीत टिक असते ना, तशी ती आधीच मारलेली असते. म्हणून टिक दिसली की माणसानं विचारायचं, ही कुणी मारली?

माझ्या बापानं बसवलेली गोष्ट मी एवढी वर्षं तपासली नव्हती, हे मला माझ्याच दुकानात ऐकायला लागलं. मला ते मुळीच आवडलं नाही. त्याची चटणी मी ईर्ष्येनं जाडसर कुटून दिली. दुसऱ्या दिवशी नलिनी आली. म्हणाली, "आप्पा, ह्या वर्षी चटणी लई झ्याक झाल्या. ह्यास्नी अशीच पायजे हुती, पण सांगायला लाजत हुते." तेव्हापासून माझा विलासवर राग आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

एकदा तालमीची सगळी मंडळी पन्हाळ्याला गेली. लॉजवर मुक्काम. संध्याकाळी सगळे वारा खायला तटावर गेले, विलास खोलीत. परत येऊन बघतो तर टीव्हीचं घड्याळ लावलेलं, गिझर निम्म्यावर आणलेला, पंख्याचं बटण कुठलं आणि दिव्याचं कुठलं ते चिठ्ठ्या लिहून चिकटवलेलं. लॉजवाला म्हणाला, "पावणं, एका रातीसाठी एवढं?" विलास म्हणाला, "मी उद्या जाणार हाय. पण परवा जो येईल, त्याला अंधारात चाचपडायला लागू ने." लॉजवाल्यानं त्याला चहा पाजला. त्यात साखर किती घालणार हे विलासनं आधी विचारून घेतलं.

माझा थोरला भाऊ गेला तेव्हा घरात माणसांची रीघ लागली. जो यायचा तो एकच वाक्य बोलायचा, वेळ आली होती. विलास आला, माझ्याशी एक शब्द बोलला नाही, सरळ मागच्या दारी गेला. थोड्या वेळानं मला कळलं, की त्यानं घरातली सगळी पिपं भरून ठेवलीत. नळाचं पाणी जायची वेळ झाली होती आणि आमच्यात ते कुणाच्या ध्यानातच नव्हतं. नंतर म्हणाला, "आप्पा, दुःखाच्या घरात लोकं ठरलेलं बोलत्यात. पाणी कोण बघत न्हाई."

असा हा माणूस. जगातल्या सगळ्या टिका तपासणारा. पण एका विषयावर त्याला बोलतं करणं कुणाला जमलेलं नाही. तो विषय म्हणजे त्याचा मुलगा, ओंकार.

ओंकार आमच्याच तालमीचा पोरगा. डाव्या पायाचा, फुटबॉलात विंगला खेळायचा. लहानपणी दत्तू वस्तादांनी त्याला आखाड्यात उतरवला, पण दंड मारता मारता त्याचं लक्ष बाहेरच्या चेंडूवर. वस्तादांनी वैतागून मान धरली आणि फुटबॉलच्या पोरांच्यात नेऊन सोडला. तिथं तो असा काय खेळायला लागला, की पेठेत त्याची टोपणनावं पडली. मग एका हंगामात बंडानं बाहेरगावचा एक तगडा खेळाडू आणला आणि ओंकारला बाकावर बसवलं. बंडा म्हणजे बंडा जाधव, आमच्या फुटबॉल संघाचा सेक्रेटरी. आवाज असा, की मैदानात लाउडस्पीकर लागत नाही. ज्या बैठकीत हे ठरलं तिथं विलास हजर होता. ओंकार दारात उभा राहून ऐकत होता. विलास काहीच बोलला नाही. आपल्याच पोरासाठी आपण कसं बोलायचं, म्हणून मान खाली घालून बसला.

पुढच्या हंगामात ओंकार पलीकडच्या पेठेकडून मैदानात उतरला. बाहेरच्या माणसाला ह्यातलं गांभीर्य कळणार नाही. आमच्यात माणसानं धंदा बदलला, घर बदललं तरी लोक दोन दिवस बोलतात आणि विसरतात. तालीम बदलली तर नाव टाकतात. ओंकारनं खोलीसुद्धा तिकडंच घेतली. नलिनी जाऊन भेटून येते, डबा देऊन येते. विलास जात नाही. मैदानावरही जात नाही, कारण कुठल्या बाजूला बसायचं हे त्याला ठरवता येत नाही. त्याच्यासमोर कुणी ओंकारचं नाव काढलं, तर तो उठून पंख्याचा रेग्युलेटर बघायला लागतो.

आता मुद्द्यावर येतो.

तालमीत फोटो, कुस्त्यांच्या कॅसेटी, फुटबॉलच्या मॅचा, गणपतीच्या मिरवणुका, असलं सगळं पिशव्यांतनं पडलेलं. कुणाच्या घरी पेन ड्राइव्ह, कुणाच्या माळ्यावर कॅसेट. विलासनं वर्गणी काढायला लावून एक वीतभर उंचीची काळी पेटी आणली आणि वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला जोडली. म्हणाला, आता सगळं ह्यात. प्रत्येकाला वेगळी खोली.

खोली म्हटल्यावर भांडण आलंच. पेटीत जागा सहा टेरा. टेरा म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं, पण जास्त पाहिजे हे सगळ्यांना माहीत होतं.

"फुटबॉलला चार," बंडा म्हणाला.

"मग कुस्तीला पाच," दत्तू वस्ताद म्हणाले. वस्तादांचं वय माझ्याएवढंच. कान फुटलेले, मान रेड्याची. "तालीम कुस्तीची हाय. चेंडू मागनं आला."

गणपतीवाल्यांनी चार मागितले. विलास प्रत्येकाला म्हणाला, "घ्या."

मला हिशेब कळतो. मी म्हटलं, "आरं बाबा, पेटीत हाय सहा. वाटलंस तेरा. उरलेलं काय तुझ्या सासऱ्याकडनं आणणार?"

विलासला कुणी असं विचारलं की आनंद होतो. त्यानं चष्मा पुसला. "आप्पा, तालमीचे मेंबर किती?"

"तीनशे असतील."

"आखाड्यात एका येळी मावत्यात किती?"

"धा-बारा."

"मग तीनशे जणांस्नी आखाडा तुमचाच हाय म्हणून कसं सांगता?"

"कारण तीनशे कवा येतच न्हाईत."

"हेच ते! कागदावर मोठी खोली द्यायची. पण खरी जागा, जेवढं सामान येईल तेवढीच लागत जाणार. रिकामी खोली कितीबी मोठी असूं दे, कुणाची जागा अडवत न्हाई. ह्याला थिन म्हणत्यात. पातळ."

"म्हंजे रश्श्यात पाणी," वस्ताद म्हणाले.

"न्हाई वस्ताद. जेवढा वाढला तेवढा घट्टच. फक्त सगळा टोप एकदम ताटात वतायचा न्हाई."

"आणि तीनशे एकदम आले तर?" मी विचारलं.

विलासचा चेहरा पडला. "तर चेंगराचेंगरी. सगळंच बंद पडंल. म्हणून उगंच कुणी जागा अडवून बसायचं न्हाई."

काही दिवस बरं चाललं. विलास संध्याकाळी यायचा आणि कुणी ऐको न ऐको, प्रवचन द्यायचा. टिक दिसली की विचारा, ही कुणी मारली? ऐकणाऱ्यांत सगळ्यात मन लावून ऐकायचे ते दत्तू वस्ताद. शिष्य म्हातारा झाला तरी चांगला शिष्य धोकादायक असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

कुस्तीची खोली विलासनं देऊन ठेवली होती, पण त्यात अजून काही ठेवलं नव्हतं. एक दिवस वस्ताद वर गेले, जुन्या कुस्त्यांची पेन ड्राइव्ह घेऊन. कॉम्प्युटर म्हणाला, आधी खोली फॉरमॅट करा. वस्तादांनी उद्यमनगरात फोन लावला. विलास कामात होता. "करा वस्ताद. हो म्हणा, संपलं," म्हणाला आणि फोन ठेवला.

मी चहा घेऊन वर गेलो तेव्हा वस्ताद खुर्चीत ताठ बसलेले, जसे पंच बसतात.

"काय चाललंय?"

"फॉरमॅट. आप्पा, हितं एक टिक आधीच मारलेली हुती. क्विक म्हणून. क्विक म्हंजे झटपट. मी ईचारलं, ही कुणी मारली? कुणीच न्हाई. म्हंजे डिफॉल्ट! मी काडून टाकली."

"मग आता?"

"आता सगळी खोली कोपऱ्या-कोपऱ्यातनं होणार. आपण कुस्तीच्या आदी आखाडा कसा करतो? सगळी माती उकरायची, ढेकळं फोडायची, ताक-तेल घालायचं, मगच पाय ठेवायचा. वरवर झाडू मारून कुस्ती धरत्यात व्हय कोण? झटपट काम आपल्या तालमीत चालत न्हाई."

पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. वस्तादांनी त्या पट्टीला उदबत्ती लावायची तेवढी बाकी ठेवली होती. मला त्यांचं म्हणणं पटलं. कुणालाही पटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सामना, पलीकडच्या पेठेशीच. बंडानं मैदानावरून सरळ पेटीत रेकॉर्डिंग जायची सोय विलासकडून करून घेतली होती. पहिला हाफ बिनगोल. दुसऱ्या हाफात ओंकारनं आम्हाला गोल मारला. मग आम्ही दोन मारले आणि जिंकलो. पेठेत हलगी, गुलाल, नुसता दंगा. आणि बंडा नाचत वर गेला आणि ओरडत खाली आला. रेकॉर्डिंग पहिल्या हाफातच बंद पडलेलं. पेटी गच्च भरलेली. फुटबॉलची खोली बंद, गणपतीची बंद, फोटोसुद्धा उघडेनात.

संध्याकाळी तालमीच्या पायरीवर बैठक भरली. विलास कामावरून तसाच आला, वर जाऊन दहा मिनिटांत खाली उतरला. चेहरा कागदासारखा.

"चूक माझी हाय," तो म्हणाला. "पेटी भरत आली की माझ्या फोनवर सांगायची सोय असत्या. ती आपोआप बंद असत्या, आपण चालू करायची. मी बघितलीच न्हाई."

मी आयुष्यात त्याला इतका लाजलेला बघितला नाही. जगाच्या टिका तपासणाऱ्याची एक टिक राहिली होती.

"पण भरली कशानं?" बंडा म्हणाला. "आमच्या मॅचा तर जरा हायत. थांबा, मीच यादी वाचतो." त्यानं मोबाइलवर यादीचा फोटो काढून आणला होता. "फुटबॉल. कुस्ती. गणपती. फोटो. आणि ही पाचवी कुणाची? दोन टेरा. नाव काय... ओंकार."

पायरीवर शांतता झाली. तालमीत शांतता होणं ही आमच्यात भीतीची गोष्ट.

"कुठला ओंकार?" कुणीतरी मागून विचारलं.

"कुठला म्हणजे? आज आमाला गोल मारला तो!" बंडाचा आवाज चौकापर्यंत गेला असणार. "वर्गणी आमची, पेटी आमची, आणि खोली त्यांच्या खेळाडूला? आमच्या गोलाला जागा न्हाई, आणि त्याला दोन टेरा? विलासराव, आत्ताच्या आत्ता वर जायाचं आणि ती खोली पुसायची. न्हाईतर उद्यापासनं तालमीची पायरी चढायची न्हाई."

"पुसून जागा मिळणार न्हाई बंडा," विलास हळू म्हणाला. "त्यात काय न्हाईच. रिकामी हाय."

"रिकामी हाय, तर पुसायला काय जातंय?"

विलास पायरीच्या कडेला हात टेकून उभा राहिला. पुसली असती तर त्याचं कागदावर काही गेलं नसतं. पण तो वर जायला पाय उचलत नव्हता, हे आम्ही सगळे बघत होतो.

मी हट्टी माणूस आहे. एकदा मनात हिशेब आला की तो लागल्याशिवाय मला बसवत नाही. मी म्हटलं, "बंडा, जरा गप. विलास, ओंकारची रिकामी. फुटबॉलचं जरासं. मग पेटी भरली कशानं? कुस्तीच्या खोलीत काय हाय?"

विलासनं वस्तादांकडं बघितलं आणि नजर खाली घातली. "हाय कायतरी," म्हणाला.

"काय हाय?"

"आप्पा, ऱ्हाऊ दे की."

"काय हाय सांग!"

"शून्यं हायत."

"शून्यं कशी काय जागा खातील?"

"कोपऱ्या-कोपऱ्यात एक शून्य लिहून ठेवलंय. शून्य असलं तरी लिहिलं म्हंजे जागा गेली. पाच टेरा तिथंच गेलं, उरलेलं गणपती-फोटोंनी आदीच खाल्लेलं. झटपट फॉरमॅटमधे नुसती दाराला पाटी लागत्या. पुऱ्या फॉरमॅटमधे..." तो थांबला. "जगातली एवढी डिफॉल्टं चुकीची. ही एकच टिक बरोबर हुती."

वस्ताद उठून उभे राहिले. त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला, पण आलं.

"म्हंजे तीनशेची तीनशे माणसं मी एकदम आखाड्यात बसवली व्हय?"

"माणसं न्हाईत वस्ताद. शून्यं."

"आणि तू हे मघाशी वर बघून आलास? आणि खाली येऊन चूक माझी म्हणालास?"

"फोनची टिक माझीच ऱ्हायली."

"उठीव त्यास्नी!" वस्ताद गरजले. "सगळ्या शून्यास्नी उठवून बाहेर काड!"

"काढता येत्यात. खोली पुसून परत झटपट केली की जागा मोकळी."

आम्ही तिघं वर गेलो. विलासनं कुस्तीची खोली पुसली, नवी केली, ती टिक राहू दिली. पेटी पुन्हा श्वास घ्यायला लागली. फोटो उघडले. बंडा मागून आलाच होता, दाराच्या चौकटीला हात लावून उभा.

"कुस्तीचं झालं," तो म्हणाला. आवाज जरा खाली आला होता, पण पोटातलं गेलं नव्हतं. "पण ते नाव आमच्या पेटीत ऱ्हाणार न्हाई."

वस्तादांनी त्याच्याकडं ढुंकून बघितलं नाही. विलाससमोर स्टूल ओढून बसले.

"ती खोली कवा केलीस?"

"पेटी आणली त्याच दिवशी."

"मग रिकामी का? त्याच्या मॅचा मिळत न्हाईत व्हय कुठं? लोकं मोबाइलवर घेत्यात की."

"मिळत्यात. पण मी गोळा करून भरायच्या न्हाईत. त्यानं आणून द्यायला पायजेत." विलास कळफलकाकडं बघत बोलत होता. "त्या बैठकीत मी गप बसलो वस्ताद. माझा बाप पण असाच गप बसायचा. आमच्या घरात गप बसायचं आपोआप चालू असतंय. कुणी लावलं ठावं न्हाई, आणि बंद कुठनं करायचं ते मला अजून सापडलं न्हाई. म्हणून म्हटलं, निदान जागा तरी करून ठेवावी. कुणावर वजन पडू ने म्हणून पातळ केली. कुणाचं काय अडवत न्हाई ती."

खाली अजून हलगी वाजत होती.

"आज तू मैदानात आला न्हाईस," वस्ताद म्हणाले.

"न्हाई. रेकॉर्डिंगवर बघणार हुतो."

"ते तर मी घालवलं. मग ऐक." वस्ताद उभे राहिले. त्या लहानशा खोलीत त्यांनी धोतराचा सोगा खोचला. "डावीकडनं आला. आमचा बॅक अंगावर गेला. तुझ्या पोरानं चेंडू असा उजवीकडं दावला, बॅक गेला तिकडं, आणि ह्यो डाव्या पायानं, असा, हितनं..." वस्तादांनी पाय उचलला आणि बाजूला राहिलेला माझा कालचा चहाचा कप उडाला. "गोलकीपर बघतच ऱ्हायला! मी तर आमच्या बाजूला बसून टाळी वाजवली. शेजारच्यांनी माझा हात धरला."

"मी धरला," बंडा दारातून म्हणाला.

विलास हसला नाही. तो वस्तादांच्या पायाकडं बघत होता, जिथून चेंडू गेला तिथं.

"दोन टेरा म्हंजे किती मॅचा?" वस्तादांनी विचारलं.

"तीन-चार हंगाम बसतील."

"पोरगं अजून धा वर्सं खेळंल. चार कर."

"वस्ताद!" बंडा म्हणाला.

"तू गप. जागा लागत न्हाई म्हणतोय न्हवं तो? मग आपलं काय जातंय?" वस्ताद परत स्टुलावर बसले. "त्यो माझ्या हातनं माती लावून घेतलेला पोरगा हाय. तिकडं गेला म्हणून माती उतरत न्हाई. कर चार."

बंडानं तोंड उघडलं, मिटलं आणि जिना उतरून खाली गेला. ते त्याचं हो होतं. तोंडानं तो आजवर हो म्हणालेला नाही.

विलासनं माउस धरला. दोन-तीनदा चुकीच्या ठिकाणी दाबलं. मग एका चौकटीत आकडा लिहिला. थोडा वेळ चक्र फिरलं आणि थांबलं. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, घातला, परत काढला.

"आप्पा," तो म्हणाला, "मला दिसंना झालंय. जरा वाचता?"

मी पुढं वाकलो. इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत, पण आकडे येतात.

"चार."

"आणि भरलेलं किती दावतंय?"

"कायतरी जरासं हाय. लई बारीक."

"ते फॉरमॅटचं. नुसतं दार बसवलं तरी तेवढं लागतंच." त्यानं हातातल्या चष्म्याची काडी उघडली, मिटली. "बाकी?"

"बाकी सगळं रिकामं."

"असूं दे," विलास म्हणाला. "आला की लागंल."